फाइलीतली तेहतिसावी ओळ

दोन दारांच्या मधल्या त्या जागेत काय काय आहे, ते यामिनीने मोजलं. दारं दोन, दोन्ही बंद. काचेच्या भिंती दोन. छतात दिवे चार, त्यांतला एक किंचित पिवळा. कॅमेरा एक. बोलण्याची जाळी एक, तिच्याखाली बटण एक. लाल झाकणाखाली आणीबाणीची कळ एक. बाहेरच्या दाराला उभं हँडल एक. आकडे दाखवणारी पाटी एक. पायाखाली लोखंडी प्लेट एक, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कुठेही बोटभर फट न सोडता बसवलेली. आणि त्या प्लेटवर ती स्वतः, अंगातलं जाकीट, बूट दोन, फोन एक, लॅपटॉप एक, गळ्यात ओळखपत्र एक आणि खिशात खाऱ्या बिस्किटांचं अर्धं पाकीट.

तिने पुन्हा एकदा मोजलं. दुसऱ्यांदाही तेवढंच भरलं. पाटीवर लाल अक्षरांत वजन ६३.९ आणि मर्यादा ६२.० असं दिसत होतं. घड्याळात दहा एकोणपन्नास झाले होते.

अ‍ॅशबर्नमधल्या या डेटा सेंटरमध्ये यंत्रांच्या प्रत्येक दालनात जायला-यायला अशी एक लहान खोली होती. सगळे तिला ट्रॅप म्हणत. एक दार उघडतं, माणूस आत येतो, दार मिटतं, प्लेट त्याचं वजन करते, यादीतल्या आकड्याशी ताडून पाहते आणि जमलं तर दुसरं दार उघडतं. एकाच्या कार्डावर दोघे आत शिरू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. यामिनीच्या नावापुढे अठ्ठावन्न किलो लिहिलं होतं. वर चार किलोपर्यंत चालत होतं. त्याहून जास्त भरलं, की यंत्रणा धरून चालायची की आत एक जण जादा आहे.

सकाळी नऊ वाजता ती याच ट्रॅपमधून सुखरूप आत आली होती. पावणेदोन तासांत माणसाचं वजन दोन किलोंनी वाढत नाही. म्हणजे मर्यादा बदलली होती. ती का बदलली असावी, याची कल्पना यामिनीला होती, कारण ही सगळी यंत्रणा तिनेच बसवली होती.

दारांचे कंट्रोलर म्हणजे साधे छोटे संगणकच, पण त्यांवर चालणारं लिनक्स जरा वेगळ्या शिस्तीचं होतं. त्यावर येऊन-जाऊन कुणी काही बसवायचं नाही. कंट्रोलर कसा असावा, त्यावर सॉफ्टवेअरची कोणती पॅकेजेस असावीत, कोणाचं वजन किती धरावं, ते सगळं एका फाइलीत लिहायचं. मग एक आज्ञा टाइप केली, की तो कंट्रोलर त्या फाइलीबरहुकूम नव्याने उभा राहतो. फाइलीत बदल करायचा, तर त्यामागचं कारण लिहावं लागे आणि दुसऱ्या कुणीतरी तो तपासून मंजूर करावा लागे. पुण्याला फिजिक्सचं एम.एस्सी. करताना यामिनीला जी गोष्ट सगळ्यांत आवडायची, तीच इथेही होती. जे लिहिलंय ते आहे, आणि जे आहे ते लिहिलेलं आहे. ऑफिसात तिच्या टेबलावर तिने पोस्टरच लावलं होतं: ‘फाइलीत नाही, म्हणजे नाहीच.’ इंग्रजीत होतं, पण अर्थ तोच.

तरी एक पळवाट होती. तीच आज्ञावली वापरून एखादं पॅकेज फाइलीला न विचारता, हाताने, वरून बसवता येई. वजनांची यादी हेसुद्धा एक पॅकेजच होतं. गेल्या सहा आठवड्यांत यामिनीने स्वतःच्या नावापुढची मर्यादा वाढवलेली यादी घरी तयार करून, सगळ्यांच्या सामाईक ऑपरेटर-खात्यातून, चार वेळा हाताने बसवली होती. आधी साडेबासष्ट, मग त्रेसष्ट, मग साडेत्रेसष्ट आणि गेल्या गुरुवारी चौसष्ट. प्रत्येक वेळी अर्धाच किलो. त्यापुढचा आकडा तिने एकदाही लिहिला नव्हता.

तिला सतरावा आठवडा चालू होता. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: ती, नवरा अनीश आणि पुण्याला आई.

तिने भिंतीला पाठ टेकली आणि लॅपटॉप हातावर तोलत उघडला. आज्ञा तिला पाठ होती. अठरा शब्द टाइप करून तिने बटण दाबलं. उत्तर लगेच आलं: या खात्याला आता पॅकेज बसवण्याची परवानगी नाही.

पळवाट बुजवली गेली होती. ती बुजवावी असा प्रस्ताव जानेवारीत यामिनीनेच मांडला होता आणि सगळ्यांनी त्याला माना डोलावल्या होत्या. तेव्हा तिला दिवस गेलेले नव्हते.

जाळीतून आवाज आला. “हनी, तू ठीक आहेस ना? माझ्याकडे लाल दिवा लागलाय.”

ही लोरेटा. पुढच्या कक्षात बसणारी गार्ड. साठीची, विणकाम करणारी, प्रत्येकाला हनी म्हणणारी.

“ठीक आहे. दोन मिनिटं दे.”

“माझ्याकडची मिनिटं तुझीच आहेत. पण तुला नियम माहितीये. अकरा एकोणीसला मशीन आपणहून रिपोर्ट पाठवतं. मग माझ्या हातात काही उरत नाही.”

यामिनीला तो नियम माहीत होता. तीस मिनिटांत आतला माणूस सुटला नाही, की अहवाल निघायचा: नाव, फोटो, वेळ आणि त्या माणसाच्या गेल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या वजनांचा आलेख. तो टीममधल्या एक्केचाळीस जणांना जायचा. तिच्या आलेखाची रेघ कशी दिसेल, ते डोळ्यांपुढे आणायला तिला कष्ट पडले नाहीत. जुलैपासून चढत गेलेली सरळ रेघ. एक्केचाळिसांतल्या निम्म्यांना मुलं होती. त्यांना सांगावं लागणार नव्हतं. आणीबाणीची कळ दाबली, तर हाच अहवाल लगेच निघणार होता, वर भोंगा आणि अग्निशमनची गाडी.

तिने हिशेब केला. एक किलो नऊशे ग्रॅम कमी करायचे होते. लॅपटॉप एक किलो चारशे, बूट सातशे, जाकीट चारशे. बेरीज अडीच किलो, म्हणजे पुरेशी होती. अडचण एवढीच, की जे काढून ठेवावं ते त्याच प्लेटवर राहत होतं. पण हँडल दाराला होतं, दार चौकटीला होतं आणि चौकट प्लेटवर नव्हती.

यामिनीने बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधल्या आणि जोडी हँडलला टांगली. जाकिटाच्या बाह्यांची गाठ मारून त्याच्या झोळीत लॅपटॉप ठेवला आणि तीही टांगली. मोज्यांवर उभी राहून, श्वास रोखून, तिने पाटीकडे पाहिलं. ६१.४.

आकडा हिरवा झाला. लगेच खाली ओळ आली: हँडलवर भार आहे. हँडल सोडा.

“हे बघ,” लोरेटा म्हणाली, “मी इथे अकरा वर्षं आहे. दारावर धुणं वाळत घालणारी तू पहिलीच.”

यामिनीला हसू आलं. तिने सामान उतरवलं. मग दोन्ही काचांवर तळवे रोवून अंग वर उचलायचा प्रयत्न केला. आकडा साठ, पासष्ट, अठ्ठावन्न असा नाचू लागला आणि पाटीने ‘स्थिर उभे राहा’ म्हणून दटावलं. तीन सेकंद आकडा हलता कामा नये, ही अट घालणारीही तीच होती. तिच्या पोटाला ओढ बसल्यासारखं वाटलं, तशी ती चटकन थांबली, खाली बसली आणि एक बिस्कीट खाल्लं.

दहा अठ्ठावन्न झाले. तिने विनयला फोन लावला.

विनय तिचा टीममधला जोडीदार. चार वर्षांनी मोठा, नागपूरचा, राहायला लांब मिनेसोटात ईडन प्रेरीला. तिथूनच तो घरबसल्या अ‍ॅशबर्नची दारं सांभाळायचा.

“बोला यामिनीबाई. मी आत्ताच चहा टाकला अन् तुमचा फोन. नाक आहे का काय तिकडे?”

“विनय, मी ट्रॅपमध्ये अडकलेय. दोन नंबरच्या. वजन जास्त दाखवतंय.”

“अडकली? काय करून राहिली तू आत? कोणाला पाठीवर घेऊन निघाली का?” तो स्वतःच्या विनोदावर मनसोक्त हसला. यामिनी हसली नाही, हे त्याला जरा उशिराच कळलं. “अगं, गंमत केली. मीच सकाळी साफसफाई केली तिकडची. तुझा तो जानेवारीचा प्रस्ताव, हाताने पॅकेज बसवणं बंद, तो शेवटी लागू केला आज. आणि ऐक ना, दोन नंबरवर काय सापडलं माहितीये? कोणीतरी ऑपरेटरच्या खात्यातून वजनांची यादी हाताने बसवून ठेवली होती! चार-चार वेळा!”

“आत काय बदल होता, ते पाहिलंस?”

“कशाला पाहू? फाइलीत नाही, म्हणजे नाहीच. उडवलं. रात्रपाळीचं कोणी असेल यार. तुझ्या पोस्टरखाली बसून असे धंदे करून राहिले लोक.”

यामिनीने डोळे मिटून घेतले.

“तुझा आकडा सांग,” विनय म्हणाला.

“त्रेसष्ट पूर्णांक नऊ.”

“अन् मर्यादा बासष्ट. म्हणजे प्लेट गेली. मागच्या वर्षी एक नंबरची गेली होती तशीच. सोपं आहे. मी ‘प्लेट नादुरुस्त’ म्हणून तक्रारीचं तिकीट काढतो, लोरेटाला कोड देतो, ती दार उघडेल. मग अहवाल तुझ्या नावाने जात नाही, प्लेटच्या नावाने जातो. पाच मिनिटांचं काम. फक्त आतल्या माणसाने सांगावं लागतं, की आकडा चूक आहे. तू हो म्हण, मी खूण करतो.”

एवढंच होतं. एक ‘हो’. यामिनीने पायाखाली पाहिलं. ही प्लेट नऊ दिवसांपूर्वी तिनेच तपासली होती. वीस किलोची तीन वजनं आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून. चूक कुठेही पन्नास ग्रॅमच्या वर गेली नव्हती. हो म्हटलं असतं, तर दुपारी एक तंत्रज्ञ येऊन चांगली प्लेट उखडून गेला असता, आणि उद्या सकाळी नऊला ती नव्या प्लेटवर उभी राहिली असती तेव्हा त्या प्लेटनेही हेच सांगितलं असतं. फक्त आकडा चौसष्टच्या पुढे गेलेला असता. किंवा नसता. तो दुसरा विचार तिने झटकला.

“थांब जरा,” ती म्हणाली. “लाइनवर राहा.”

“राहतो ना. चहा उतू जाऊन राहिला, तो तेवढा बघतो.”

फोनच्या पडद्यावर आईचा मेसेज येऊन पडला होता. ‘पार्सल उघडलंस का गं? चोरचोळी तिसऱ्या महिन्यात घालायची असते. आता चौथा संपेल. गुपचूपच घाल, कोणाला सांगू नकोस, पण घाल.’

पार्सल तीन आठवडे तिच्या गाडीच्या डिकीत पडून होतं. आत हिरवी चोळी होती, तिला न उघडताही माहीत होतं. माहेरून तिसऱ्या महिन्यात चोरून द्यायची, चारचौघांत न मिरवता अंगात घालायची. मागच्या वेळी आईने हौसेने अशीच पाठवली होती आणि यामिनीने त्याच दिवशी घालून फोटो पाठवला होता. त्याआधी, नवव्या आठवड्यात, तिने टीमला सांगून टाकलं होतं. टीमने भलंमोठं कार्ड आणलं, त्यावर एक्केचाळीस सह्या. अकराव्या आठवड्यात सगळं संपलं. त्यानंतरच्या सोमवारी तिने त्याच एक्केचाळीस जणांना तीन ओळींची मेल लिहिली होती. ती लिहायला तिला चार तास लागले होते. कार्ड कुठे ठेवावं ते तिला आजवर उमगलं नव्हतं. फेकवत नव्हतं आणि घरात बघवतही नव्हतं. म्हणून या वेळी तिने कुठेच काही लिहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या कागदांखेरीज. आणि ऑपरेटरच्या खात्यातून चार वेळा बसवलेल्या त्या यादीखेरीज, जी आज सकाळी विनयने पुसून टाकली होती.

अकरा तीन झाले.

“विनय.”

“हं, आलो. चहा गेला. बोल, काढू तिकीट?”

“प्लेट बरोबर आहे.”

“मग?”

“ते पॅकेज मी बसवलं होतं. चारही वेळा.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “तू? पोस्टरवाली तू?”

“हो.”

“अगं, तू मला एका स्पेलिंगसाठी फाइल परत पाठवलेली आहेस. दोनदा! आणि तू हाताने...” तो थांबला. “कशासाठी पण?”

“फाइलीत एक बदल पाठवतेय. बघ आणि मंजूर कर. कारण त्यात आहे.”

ती प्लेटवर मांडी घालून बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. फाइल उघडली. तिची ओळ तेहतिसावी: नाव, अठ्ठावन्न किलो, वर चार. चारच्या जागी काय लिहायचं, इथे तिची बोटं अडली.

हाताने बसवताना हा प्रश्न आलाच नव्हता. आजचं वजन अधिक थोडंसं, झालं. पण फाइलीत अर्धा अर्धा किलो लिहून चालणार नव्हतं. दर आठवड्याला कोण मंजूर करत बसणार? इथे शेवटपर्यंतचा आकडा हवा होता. शेवट म्हणजे कधी, तेही लिहायला हवं होतं. यामिनी गणितं घाबरून करणाऱ्यांतली नव्हती, पण या एका वजाबाकीपाशी ती चार महिने गेली नव्हती. चाळीस वजा सतरा. तेवीस आठवडे. तिने कॅलेंडरवर बोट फिरवत नेलं. मार्चचा सोळावा दिवस.

तिने चार खोडून चौदा लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं: ‘गरोदर आहे, सतरावा आठवडा. १६ मार्चनंतर जुना आकडा परत घालावा.’ तिने ते एकदा वाचलं. हा मजकूर एक्केचाळीस जणांना कधीही उघडून वाचता येणार होता, आणि या यंत्रणेत लिहिलेलं कधी पुसलं जात नव्हतं. मागे घ्यायचं झालं, तर त्याखाली दुसरी ओळ लिहावी लागायची, कारणासकट. अकरा सहाला तिने बटण दाबलं.

विनय वाचत असणार. जाळीतून लोरेटा म्हणाली, “तेरा मिनिटं, हनी.”

“यामिनी,” विनय म्हणाला. आवाजातली मस्करी पार गेली होती. मागच्या वर्षीच्या त्या मेलला उत्तर न देता ज्या एकाने फोन केला होता, तो हाच. आज त्याने अभिनंदन म्हटलं नाही. “मंजूर करता येत नाही.”

“का?”

“आकडा चूक आहे. चौदा पुरायचे नाहीत. आमच्या घरी सीमाचंच चौदा किलो वाढलं होतं.”

“सरासरी बारा असते. मी वर दोन धरलेत.”

“सरासरीला काय करतेस? आठव्या महिन्यात पुन्हा अडकलीस म्हणजे? तेव्हा तर खाली बसताही येणार नाही. आणि हिवाळा आहे, जाकीट जाड असणार, बूट बर्फाचे असणार. ते धरले तू?”

तिने धरले नव्हते. “बूट राहिले,” ती म्हणाली.

“बघ. म्हणे एम.एस्सी. सोळा कर.”

“ऑडिटवाले विचारतील. सोळा किलोत एखादं पोर लपून जाईल म्हणतील.”

“विचारू देत. कारण लिहिलंय ना समोर? रिव्ह्यूअर मी आहे. सोळा कर, नाहीतर परत पाठवतो. दोनदा पाठवीन.”

यामिनीने चौदाचे सोळा केले. तिची नजर थोडी धूसर झाली होती, म्हणून तिने आकडा दोनदा तपासला. अकरा नऊला मंजुरी आली. शेवटची आज्ञा तिने स्वतःच दिली. पडद्यावर ओळी धावू लागल्या: फाइल वाचली, यादी नव्याने बांधली, पाठवतोय, कंट्रोलर दोन तपासतोय. विनय फोनवरच होता. एकदा त्याने विचारलं, “काही खाल्लंस का?” तिने हुं केलं आणि उरलेल्यातलं एक बिस्कीट खाल्लं.

अकरा चौदाला शेवटची ओळ आली. यामिनी उठली. तिने बूट घातले, नाड्या बांधल्या, जाकीट अंगात चढवलं, लॅपटॉप मिटून काखेत धरला आणि फोन खिशात टाकला. मग हात कशालाही न लावता ती प्लेटच्या मधोमध उभी राहिली.

“आता काही टांगायचं नाही ना?” लोरेटाने विचारलं.

“नाही.”

तीन सेकंद गेले. पाटीवर आकडे हिरवे होऊन थांबले: वजन ६३.९ किलो, मर्यादा ७४.० किलो, वेळ ११:१६.